आठव्या कडव्यातले ते चार

मुलीची परीक्षा आणि बापाचं पाठांतर, हा प्रकार तुमच्याही ओळखीत असणारच. मुलगी खोलीत कानात गाणी घालून बसलेली आणि बाप भांडी विसळता विसळता तिची उत्तरं पुटपुटतोय. आमच्या हॅरोच्या गल्लीतल्या गृहस्थांचं वेगळेपण एवढंच, की ते कीट्स पुटपुटत.

गृहस्थ मूळचे सांगलीचे. लंडनमध्ये दुसऱ्यांच्या जमाखर्चातल्या चुका शोधण्याचा पगार घेतात, म्हणून आम्ही मंडळी त्यांना हिशेबनीस म्हणतो. दहावीला त्यांनी अपेक्षित प्रश्नसंच कोळून प्यायला होता आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ या प्रश्नात त्यांचा एकही मार्क कधी कापला गेला नव्हता, असं ते ओळख झाल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. मुलगी इयर इलेव्हनला गेली, जीसीएसईचं वर्ष आलं, तेव्हा गणित-विज्ञानाचा घोर नव्हताच. घोर होता इंग्रजी साहित्याचा. तो पेपर २०१७ पासून पुस्तक न उघडता लिहायचा असतो. तिच्या बोर्डाच्या संग्रहात नात्यांवरच्या पंधरा कविता. त्यातली एक प्रश्नपत्रिकेत छापून येते, आणि तुलनेसाठी दुसरी आपल्या डोक्यातून काढायची. डोक्यातून काढायची म्हणजे आधी तिथे भरलेली पाहिजे. हे कळल्यावर हिशेबनीसांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाठांतरच की! मग घाबरायचं काय?"

त्यांनी निवडली कीट्सची ‘ला बेल डाम सां मर्सी’. कारण साहित्यिक नव्हतं. बारा कडवी, अठ्ठेचाळीस ओळी, त्यातही प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आखूड. शब्द कमी, मार्क तेवढेच. गोष्ट थोडक्यात अशी: ओसाड तळ्याकाठी एक शिलेदार फिक्या चेहऱ्यानं एकटाच रेंगाळतोय. काय झालं रे बाबा, असं विचारल्यावर तो सांगतो, की माळावर एक बाई भेटली, परीची लेक म्हणावी अशी. मी तिला फुलांचे हार गुंफून दिले, घोड्यावर बसवलं. तिनं मला कंदमुळं आणि रानमध खाऊ घातला, आपल्या गुहेत नेलं, तिथे ती रडली, आणि मी तिचे डोळे...

इथे आठवं कडवं लागतं आणि हिशेबनीस अडतात. कारण शिलेदार ते डोळे मिटवतो चुंबनांनी. चार. आता ‘चुंबन’ हा शब्द सोळा वर्षांच्या मुलीसमोर, बायकोसमोर आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आलेल्या आईसमोर उच्चारायचा कसा? मराठीत तर नाहीच, पण इंग्रजीतही त्यांची जीभ वळेना. मग त्यांनी तोड काढली. ते म्हणू लागले, "ते चार."

"आठव्यात किती?" जिन्याखालून हाक यायची.

"चार!" वरून उत्तर.

"शाब्बास. नवव्यात काय होतं?"

किती ते विचारायचे, काय ते कधीच नाही. घरभर फ्लॅशकार्डं लागली होती. कार्डावर ओळीतले मोजके शब्द, खाली अलंकाराचं नाव, कोपऱ्यात लाल शाईत संभाव्य मार्क. विरहाला दोन, निसर्गाला एक, आखूड ओळीला (शिलेदाराचा दम संपलाय, म्हणून ओळही संपली) आणखी एक. फ्रिजवरच्या आठव्या कार्डावर मात्र नुसता आकडा: ४. घरी आलेल्या एका बाईंना वाटलं, दुधाच्या पिशव्यांचा हिशेब आहे.

एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. मी गुलाबजामचं भांडं घेऊन विचारलं, "किती वाढू?" ते सहज म्हणाले, "चार." मुलगी अशी फिस्सकन हसली की तिच्या नाकातून पाणी आलं. हिशेबनीसांनी दोनच खाल्ले.

आजींना हे ‘चार’ काही सुचू देईनात. "कसले रे चार?" त्या विचारत. "काही नाही गं आई, अभ्यासातलं आहे." शेवटी नातीनंच सांगितलं, "आजी, पापे." आजी म्हणाल्या, "मग पापे म्हण की. एवढं काय लपवायचं?" मग त्यांनी नातीकडून सगळी गोष्ट मराठीत ऐकून घेतली आणि दोन वाक्यांत निकाल दिला. "तिन्हीसांजेला तळ्याकाठी कशाला जावं माणसानं? आसरेनं धरलंय त्याला, खणा-नारळानं ओटी भरायला हवी होती." मी या कवितेवरची दोन-तीन रिव्हिजन गाईडं चाळली आहेत. त्यांत ‘फेम फताल’, ‘पितृसत्ताक दृष्टी’ वगैरे बरंच आहे, पण शिलेदार तिथून हलत का नाही याचं इतकं सरळ उत्तर एकातही नाही.

यानंतर हिशेबनीसांच्या हाती कीट्सचं पत्र लागलं, आणि आमची काही धडगत उरली नाही. ही कविता कीट्सनं एप्रिल १८१९ मध्ये अमेरिकेला गेलेल्या भावाला आणि वहिनीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात उतरवली होती. खाली त्यानं स्वतःच चेष्टा केली आहे, की चारच का? यमकाला वीससुद्धा चाललं असतं, पण कल्पनेला आवर घालावा लागतो. शिवाय दोन्ही डोळ्यांना सारखा न्याय मिळावा म्हणून आकडा सम हवा. सात म्हटले असते, तर दर डोळ्याला साडेतीन आले असते आणि मोठीच पंचाईत झाली असती. हे वाचून हिशेबनीस रात्री साडेदहाला आमच्याकडे आले. "अहो, ताळा जुळतो! डोळे दोन, दर डोळी दोन. हा कवी नाही, हा आमच्यातला माणूस आहे!" दुसऱ्या दिवशी हाच हिशेब त्यांनी घरी मांडला, तेव्हा साडेतीनचा उल्लेख ऐकून आजी आतून म्हणाल्या, "त्याला औटकी लागते, साडेतीनाचा पाढा."

पण आनंद टिकला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना शोध लागला, की मे १८२० मध्ये ली हंटच्या ‘इंडिकेटर’मध्ये ही कविता पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा ते चार गायब होते. डोळे मिटवले, झोपवलं, सगळं झालं, पण आकडा नाही. १८१९ ला चार, १८२० ला निरंक! हिशेबनीसांची झोप उडाली. त्यांनी शाळेतल्या बाईंना ईमेल लिहिला, की परीक्षक कोणत्या वर्षाची नोंद ग्राह्य धरतात. बाईंनी सौजन्यानं कळवलं, की संग्रहात पत्रातलाच पाठ आहे आणि मुलीला थोडी विश्रांती द्यावी.

एवढ्यानं त्यांचं समाधान होईना. एका रविवारी त्यांनी अख्खं कुटुंब आणि मला धरून हॅम्पस्टेडला नेलं. तिथे कीट्स राहत होता ते वेंटवर्थ प्लेस आता कीट्स हाउस म्हणून जपलंय. शेजारच्या भागात फॅनी ब्रॉन राहायची. त्यानं तिला दिलेली अंगठी तिथे काचेखाली आहे. आम्ही सगळे त्या अंगठीपाशी घुटमळलो. हिशेबनीस तडक माहिती द्यायला बसलेल्या वयस्क इंग्रज बाईंकडे गेले आणि म्हणाले, १८२० मध्ये ते चार का काढले?

"चार काय?" बाईंनी विचारलं.

हिशेबनीसांनी छताकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग बायकोकडे. वहिनी इतके महिने गप्प होत्या. त्या पुढे झाल्या आणि स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत तो शब्द म्हणाल्या. शेजारच्या खोलीतले दोन जपानी पर्यटकही वळले. "आता विचारा पुढचं," असं म्हणून त्या पुन्हा अंगठी बघायला गेल्या.

पुढचं त्यांनी विचारलंच नाही. बाई आपणहून बोलत राहिल्या. कीट्स औषधं देण्याचा परवाना मिळवलेला माणूस, गाईज हॉस्पिटलमध्ये शिकलेला. धाकटा भाऊ टॉम क्षयानं आजारी पडला, तेव्हा त्याची शुश्रूषा यानंच केली. टॉम डिसेंबर १८१८ मध्ये गेला, एकोणीस वर्षांचा. ही कविता त्यानंतरच्या वसंतातली. फेब्रुवारी १८२० मध्ये कीट्सच्या स्वतःच्या तोंडातून रक्त आलं, आणि त्याचा अर्थ कुणी सांगायची त्याला गरज नव्हती. साधारण वर्षभरानं तो रोममध्ये वारला, पंचविसाव्या वर्षी.

हिशेबनीस ऐकत होते. कवितेतल्या शिलेदाराच्या कपाळावर तापाचा घाम आहे. त्या ओळीला कार्डावर त्यांनी ‘निसर्गप्रतिमा, एक मार्क’ असं लिहिलं होतं. परतताना गाडीत ते म्हणाले, "पंचविसाव्या वर्षी मी सीए इंटरला दुसऱ्यांदा बसत होतो." नंतर बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "सात समुद्रापलीकडे भावाला पत्र लिहितो, त्यात असली कविता घालतो, आणि वर चेष्टाही करतो. एक भाऊ नुकताच गेलेला असताना. मी माझ्या भावाला गेल्या वर्षभरात घरपट्टीच्या पावतीशिवाय काही पाठवलेलं नाही."

त्या रात्री त्यांनी सांगलीला भावाला बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात लहानपणची कृष्णाकाठची आठवण होती, कीट्स होता, टॉम होता आणि, वहिनींच्या म्हणण्यानुसार, ते चारही होते. भावाचं उत्तर सकाळी आलं: "दादा, पैशाची काही अडचण आहे का?"

हा माणूस मला वर्षभर छळत होता. बसस्टॉपवर कोट्स, दळण आणायला गेलं तरी कोट्स. पण भावाचं ते उत्तर दाखवताना तो स्वतःच इतका हसला, की मला प्रथमच त्याचा लोभ वाटला. हे मी त्याला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. लगेच बायरन सुरू करेल.

पेपरात कीट्स आला नाही. छापून आली ती दुसरीच कविता, आणि मुलीनं तुलनेला घेतली ती तिसरीच. "मला ती कळली होती, बाबा," एवढंच कारण तिनं दिलं. ऑगस्टमध्ये निकाल लागला, साहित्यात नऊपैकी सात ग्रेड. सात म्हणजे दर डोळ्याला साडेतीन, असं ती म्हणाली, आणि पुढे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री घेऊन साहित्याला तिनं रामराम केला. आजी सांगलीला परतल्या. फ्रिजवरची कार्डं निघाली, पण चौकशी केल्यावर कळलं, की फेकली नाहीत, हिशेबनीसांच्या कपाटात पासपोर्टांखाली आहेत.

तेव्हा तुमच्या घरी यंदा जीसीएसईचं मूल असेल, तर मला निरोप द्या. हिशेबनीस रविवारी दुपारी मोकळे असतात, फी घेत नाहीत, बाराही कडवी न अडखळता म्हणतात. फक्त आठव्याच्या वेळी घरातल्या कुणीतरी मोठ्या माणसानं शेजारी बसावं, कारण तो शब्द त्यांना अजून म्हणता येत नाही.