पीक उभं, सर्व्हर आडवा

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याचं पीक नोंदवायचं काम अ‍ॅपमधून शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात म्हणे सगळ्या संबंधितांना आधी बैठकीत विश्वासात घेतात. घेतलंच असेल: महसूल, कृषी, झालंच तर संगणकवाले. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात, सोयाबीनच्या तासात उभा राहून रेंजसाठी फोन आभाळाकडे धरणारा माणूस त्या बैठकीत कसा बसणार? पायाला चिखल असतो ना! फोटो निघतो, अ‍ॅप गोल गोल फिरत बसतं. शेवटी गावातलंच एखादं बारावीचं पोरगं बांधावर बसून सगळ्या भावकीची नोंदणी उरकतं. त्याला ना पगार, ना पदनाम. पुण्यात एवढ्याच कामाला मॅनेजर ठेवतात, आणि त्याला एसी लागतो.