चार मैलांच्या वेगाचा संसार

इंग्लंडात आम्ही कालव्यावरच्या बोटीत राहतो म्हटलं की नातेवाईक हरखतात. "अय्या, दल सरोवरासारखं?" असं विचारतात आणि डोळ्यांसमोर शिकारा आणतात. आई मात्र पहिल्याच फोनवर म्हणाली, "अगं, ते सगळं ठीक आहे, पण संडासाचं काय?" इतका मुद्द्याचा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

तर संडासाचं असं. बैठकीखाली साधारण वीस लिटरची एक चपटी टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती भरत आली की लाल दिवा लागतो. शहाण्यानं दिव्याची वाट पाहू नये, कारण भरलेली कॅसेट वीस किलोंची होते आणि ती कालव्याकाठच्या पायवाटेवरून, कुत्री फिरवणाऱ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणत, ओतायच्या जागेपर्यंत स्वतः न्यावी लागते. ओतताना तिच्यावरचं हवेचं बटण अंगठ्यानं दाबून धरायचं. नाही दाबलं तर ती गचके देत ओकते आणि कुणाच्या पँटवर ओकायचं हे तीच ठरवते. एक जादा कॅसेट कायम जवळ असू द्या. आमच्याकडे पाहुणे किती राहणार याचा हिशेब दिवसांत होत नाही, कॅसेटींत होतो.

बोट आहे ५७ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. अठराव्या शतकात कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडली आणि मंडळींनी इथले लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे हौद, सुमारे सात फुटी बांधले, त्याचं फळ आम्ही अजून भोगतोय. आत कपाटं आणि भिंतींचं अस्तर जमेला धरलं तर दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. एकानं बाथरूममध्ये शिरून वाट द्यायची. भांडण झालं तर पाय आपटत निघून जायला पुढे किंवा मागे एवढ्याच दिशा. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आणि बांधून ठेवलेल्या बोटींशेजारून तर त्याहूनही हळू. नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि खिडकीतून चहाचा कप हातात घेतलेला एक संतप्त माणूस बाहेर येतो.

या जगण्याची तयारी मात्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत जन्मापासून झालेली असते, असं माझं ठाम मत आहे. एका बादलीत आंघोळ, खोलीबाहेर पडताना दिवा बंद, पाणी आलं की घरातली सगळी भांडी भरून ठेवणं. पाण्याची टाकी संपली की ती भरायला नळकोंडाळं गाठावं लागतं आणि जानेवारीत तो नळच गोठलेला असतो. विजेचंही तसंच. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरू दिल्या तर वर्षा-दोन वर्षांत मान टाकतात. छपरावरचं सोलर पॅनल जूनमध्ये राजासारखं वागतं आणि डिसेंबरात नुसतं हजेरी लावतं. मिक्सर चालवायचा तर इंजिन चालू हवं, आणि शेजाऱ्यांच्या झोपेसाठी इंजिन सकाळी आठ ते रात्री आठ एवढंच चालवायचा दंडक आहे. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी पावणेआठला वाटण वाटायची घाई उडते.

थंडीत कोळशाची शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवतो. फोडणीची वाफ लोखंडी खिडक्यांवर जमून टपटपते. थंडी वाजते म्हणून काही लोक हवेच्या झरोक्यांत बोळे कोंबतात. हे एक कधीही करू नका. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म बोटीच्या सुरक्षा तपासणीतही बंधनकारक आहे आणि ही तपासणी दर चार वर्षांनी होते.

आता पंख्याविषयी, म्हणजे पाण्याखालच्या. लंडनच्या पश्चिमेला साउथॉलजवळून ग्रँड युनियन कालवा जातो. तिथे पाण्यात कुण्या भाविकाचा नारळ तरंगताना दिसला की नवऱ्याला भरून येतं. मला धास्ती वाटते, कारण नारळामागून निर्माल्य येतं आणि निर्माल्यामागून वस्त्र. बोट कुंथायला लागली, इंजिन गुरगुरतंय पण पुढे काही सरकत नाही, असं झालं की काहीतरी गुंडाळलं गेलंय समजावं. इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढून खिशात टाकायची. हा क्रम बदलू नये. मग मागच्या फळीखालचं झाकण उघडून, दंडापर्यंत हात काळ्या गार पाण्यात घालायचा आणि चाचपायचं. एकदा नवरा कुरकुरत पाव कापायच्या सुरीनं काहीतरी कापत होता. पहिला तुकडा त्यानं वर फेकला तेव्हा मी ओळखलं: सहावारी, नायलॉन, मोरपंखी, फॉल-बीडिंग केलेली. नायलॉन पंख्याच्या दांड्यावर घासून तापलं की वितळून चिकटतं, त्यामुळे ते सोडवता येत नाही, कापावंच लागतं. फॉलची शिलाई इतकी पक्की होती की मी टेलरचं कौतुक केलं. नवऱ्यानं केलं नाही. काम झालं की झाकण घट्ट आवळून मगच इंजिन सुरू करा. सैल राहिलं तर पंखाच पाणी आत उडवतो आणि बोट बुडते.

लॉकवर एक दृश्य हमखास दिसतं: नवरा सुकाणू धरून कॅप्टनसारखा उभा आणि बायको दरवाजाच्या लाकडी दांड्याला पाठ लावून, टाचा रोवून तो ढकलतेय. सुकाणू हे हलकं काम आहे, बायांनो. ते आपण घ्या. फक्त खाली उतरताना बोट मागच्या पायरीपासून पुढे ठेवा. ही सिमेंटची पायरी पाणी उतरेपर्यंत दिसत नाही. तिची हद्द भिंतीवर पांढऱ्या रेघेनं आखलेली असते. बोटीचं मागचं टोक तिच्यावर अडकलं आणि पुढचं पाण्याबरोबर उतरत गेलं, तर मिनिटांत खेळ खलास. लक्षात येताक्षणी लॉकमधलं पाणी सोडणाऱ्या झडपा बंद करायला ओरडायचं. इथे इंग्रजी शिष्टाचार पाळू नये.

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून, शेवाळ खरवडून तळाला डांबर फासायचं. टाळाटाळ केली तर पत्रा गंजत जातो. आणि रोज संध्याकाळी पंख्याच्या दांड्याजवळची ग्रीसची चावी थोडी पिळायची, म्हणजे रात्रभर पाणी टिपकत नाही. आमच्याकडे देवापाशी दिवा लावणं आणि ग्रीस पिळणं एकाच वेळी उरकतं.

टॉम रोल्ट यांचं १९४४ सालचं 'नॅरो बोट' हे कालव्यावरच्या बोटीतल्या जगण्याचं पुस्तक वाचून बोट घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या. पण आधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक भाड्यानं घेऊन पाहा, जुलैमध्ये नको. जुलैत कोणतीही बोट आवडते. आणि पैसे मोजण्यापूर्वी जाणकाराकडून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. ती चार मिलिमीटरच्या खाली भरली तर विम्यावाले हात झटकतात.