बदकं पडत नाहीत

गेल्या दिवाळीत मी माळ्यावरून माझा जुना व्हिडिओ गेम खाली काढला. राखाडी यंत्र, दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि आठ कॅसेटी. अडॅप्टर तेवढा गेला होता. तो पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा आणला, हॉलमधल्या भिंतीवरच्या टीव्हीला वायरी जोडल्या आणि चित्र आलं. मारिओ पळाला. मग बदकांची कॅसेट लावली, बंदूक उचलली, नेम धरला आणि घोडा ओढला. बदक उडून गेलं. दोन पावलं पुढे सरकलो, पुन्हा ओढला. उडून गेलं. शेवटी नळी थेट काचेला टेकवली. तरीही उडून गेलं. मग तो कुत्रा गवतातून वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला.

दहापैकी शून्य. चौथीत असतानासुद्धा मला कधी शून्य पडलेलं नाही.

घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला की बंदूक जुनी झाली, टाकून द्या. मला हा निकाल मान्य नाही. मी स्क्रू काढून ती उघडली. आत एक भिंग, त्यामागे मसुराच्या दाण्याएवढा प्रकाश ओळखणारा डोळा आणि घोड्याची कळ. सगळं शाबूत होतं. तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल की बंदुकीतून टीव्हीकडे काहीतरी जातं. काही जात नाही. बंदूक फक्त बघते. घोडा ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं, तरच बदक पडतं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात, म्हणजे कुठलं लागलं हेही कळतं. आधीचा काळा पडदा कशासाठी? कोणी विजेच्या दिव्यावर नेम धरून लबाडी करू नये यासाठी. ही व्यवस्था 1984 सालची आहे. इतकी प्रामाणिक व्यवस्था मी त्यानंतर कुठल्या यंत्रात पाहिलेली नाही.

आता दोष कोणाचा ते बघा. ट्यूबच्या टीव्हीत गेमने पाठवलेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर येतं. किरण वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत धावतो, सेकंदाला पन्नास वेळा. सपाट टीव्ही मात्र चित्र आधी हातात घेतो, ताणतो, घासूनपुसून सुधारतो आणि मग दाखवतो. या सुधारणेत सेकंदाचा एक बारीकसा तुकडा जातो. तेवढ्यात बंदुकीने बघून घेतलेलं असतं आणि तिला तिथे काहीच दिसलेलं नसतं. चित्र सुधारा असा अर्ज या टीव्हीकडे कोणी केला होता? मारिओची उडीसुद्धा याच कारणाने उशिरा लागते. बटण दाबलेलं असतं आणि तो खड्ड्यात गेलेला असतो. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा हात जड झालाय. हात जड झालेला नाही.

हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून आलं त्या मासायुकी उएमुरांचं नाव आपल्याकडे कोणाला माहीत नाही, याचंही मला वाईट वाटतं. हे गृहस्थ आधी शार्प कंपनीत होते, सूर्यप्रकाशावर वीज देणाऱ्या पट्ट्या विकायचे. तिथून ते निन्टेन्डोत गेले आणि त्याच प्रकाश ओळखण्याच्या गुणावर बंदुकीची खेळणी तयार करण्याच्या कामाला लागले. पुढे फॅमिकॉम, म्हणजे आपल्या या यंत्राचा मूळ अवतारही, त्यांनीच घडवला. तो 15 जुलै 1983 रोजी जपानात विक्रीला आला. आपल्या घरी आल्या त्या बहुतेक या फॅमिकॉमच्या तैवान-चीनकडच्या नकला. उएमुरा 2021च्या डिसेंबरात गेले. बातमी कळली त्या दिवशी मी ऑफिसात दोघांना हे सांगितलं. दोघांनी विचारलं, नात्यातले होते का?

आमचा ट्यूबचा टीव्ही 2012 साली गेला. लाकडी कपाटातला, एकवीस इंची. वर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण आणि समोर, एका छोट्या झाकणाच्या आत, चॅनल लावायच्या बारीक चकत्या. गेम जोडला की दादा ती चकती नखाने फिरवायचा आणि मी समोर उभा राहून सांगायचो : मुंग्या, मुंग्या, अजून मुंग्या, आला, थांब, गेला, मागे घे. चित्र लागलं की आम्ही दोघं श्वास सोडायचो. हा टीव्ही भंगारवाल्याने अडीचशे रुपयांना नेला. मी घरी नव्हतो. पैसे फ्रिजवर वाटीखाली ठेवलेले होते.

टीव्ही खराब होईल म्हणून वडिलांनी आम्हाला रोज एकच तास परवानगी दिली होती. ‘गेमने पिक्चर ट्यूब उडते’ हे त्या काळी वडील म्हणवणारा प्रत्येक माणूस सांगायचा. आमची ट्यूब शेवटच्या दिवसापर्यंत उडाली नाही. त्या एका तासात मारिओची आठ जगं, प्रत्येकी चार टप्पे, असे बत्तीस टप्पे पार करायचे. खेळ साठवून ठेवायची सोय नाही. सातव्या जगात असताना वीज गेली, तर पहिल्यापासून. भारनियमनात शेतीचं, उद्योगाचं किती नुकसान झालं याची चर्चा झाली. आमच्या सातव्या जगाबद्दल कोणी बोललं नाही.

आणि ती फुंकर! कॅसेट लागली नाही की काढायची, खालच्या सोनेरी पट्ट्यांवर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. सगळा महाराष्ट्र फुंकत होता. पुढे कळलं की खुद्द निन्टेन्डोच सांगते, फुंकू नका, तोंडातल्या दमटपणाने पट्ट्या गंजतात. कॅसेट चालायची ती काढून नीट बसवल्यामुळे. माझ्या काँट्रा नावाच्या गेमच्या कॅसेटच्या पट्ट्यांवर आज हिरवट डाग आहेत. माझ्याच तोंडच्या वाफेचे. तेव्हा एकाही दुकानदाराने, दहा रुपये तासाने गेम भाड्याने देणाऱ्यानेसुद्धा, आम्हाला हे सांगितलं नाही.

मुलाकडे नवा गेम आहे. खेळायचं ठरवलं की तो आधी अपडेट मागतो. चाळीस मिनिटं आम्ही दोघं सोफ्यावर बसून एक निळी पट्टी पुढे सरकताना बघतो. मग पासवर्ड. मग कुठल्यातरी कराराला संमती. हा गेम शंभर जीबीच्या वर आहे. मारिओ चाळीस केबीचा होता. तुमच्या काकांनी सकाळी पाठवलेला सुप्रभातचा फोटोही बहुधा याहून मोठा असतो. चाळीस केबीत बसवायचं म्हणून तो बनवणाऱ्यांनी ढग आणि झुडूप यांसाठी एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला. आकाशात पांढरं, जमिनीवर हिरवं. पुढच्या वेळी बघा. काटकसरीचं इतकं सुंदर काम मी आमच्या आजीच्या गोधडीनंतर तिथेच पाहिलं.

फोनवरचे गेम तर लाइफ विकतात. काँट्रात वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबलं की तीस लाइफ मिळायच्या, फुकट. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या गेम बनवणाऱ्या गृहस्थांची. स्वतःचाच एक गेम तपासताना तो त्यांना फार अवघड जायला लागला म्हणून त्यांनी ती बसवली आणि काढायची राहून गेली. त्या एका विसराळूपणामुळे जगातल्या मुलांना जेवढं मिळालं, तेवढं आज पैसे मोजूनही मिळत नाही.

2023 साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. तिथे 2010पूर्वी आलेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के गेम तेव्हा अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. ही मूळ गेमची अवस्था. आपण ज्यावर वाढलो त्या नकलांची नोंद कोण ठेवणार? ज्या कॅसेटवर 9999999 गेम असं छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सहा पुन्हा पुन्हा निघायचे, ती माझ्याकडे अजून आहे. मी तिला फुंकत नाही. कापसाला स्पिरिट लावून पुसतो.

दिवाळीपासून मी ट्यूबचा टीव्ही शोधतोय. तीन दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आलो, एकाने नंबर लिहून घेतला. सोसायटीच्या सूचना फलकावर चिठ्ठी लावली. सचिवांनी ती विषय अप्रस्तुत म्हणून काढली. तेव्हा तुम्हाला सांगतो. तुमच्या माळ्यावर, गावाकडच्या घरात, काकूंच्या पलंगाखाली असा टीव्ही असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका. चालू असला पाहिजे, रंग थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल. माझा पत्ता संपादकांकडे आहे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. उचलायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस म्हणून दादा यायला तयार आहे.