पीएच.डी.चा लातूर पॅटर्न

दहावीला लातूर पॅटर्न, बारावीला लातूर पॅटर्न, नीटचं तर विचारूच नका. बोर्ड लातूरला आणि विद्यापीठ नांदेडला अशी वाटणी झाली, तरी दोन्ही गावं एकमेकांकडे अजून संशयानंच बघतात. नव्या महसूल आयुक्तालयाचं घोंगडं तर कधीचं भिजत पडलंय. पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे: ज्याचे क्लास नाहीत, ते शिक्षणच नव्हे. म्हणून संगणकशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेल्या आमच्या अहमदपूरच्या भाच्यानं पहिला प्रश्न केला, "मामा, याची टेस्ट सिरीज कुठं भेटंल?"

आधी त्याच्या डोक्यात अमेरिका होती. तिकडे अर्जासोबत आपण काय शोधणार आणि का, हे दोन पानांत लिहावं लागतं, शिवाय तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडचे प्राध्यापक दिलदार. तिघांनीही "तूच लिहून आण, मी सही करतो" असं सांगितलं. भाच्यानं स्वतःची स्तुती तीन वेगवेगळ्या फॉन्टांत लिहिली. पत्रं झकास जमली. अडलं ते त्या दोन पानांपाशी. बारावीपासून ज्याला चारांतला एक पर्याय निवडायला शिकवलं, त्याला कोऱ्या कागदावर "तुझा प्रश्न काय?" असं विचारणं हा सरळ सरळ अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न झाला.

आपली व्यवस्था इतकी निर्दय नाही. 2024 पासून पीएच.डी.चा प्रवेशही नेट परीक्षेच्या गुणांवर द्यायचं यूजीसीनं ठरवलं. जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर नेटला 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30. प्रश्न शोधणारा माणूस निवडायचा म्हणून त्याला तीन तासांत दीडशे प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवतात. त्याच वर्षी 18 जूनला परीक्षा झाली आणि 19 जूनला ती रद्दही झाली. उच्च शिक्षणात एवढी तडफ क्वचित दिसते. ऑगस्टच्या उत्तरार्धात पुन्हा परीक्षा सुरू झाली. जेआरएफ नसलेल्यांचे हे गुण प्रवेशासाठी फक्त एक वर्ष चालतात. म्हणजे वर्षाच्या आत गाईड गाठायचा.

इथून खरं संशोधन सुरू होतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, परदेशी सोडले तर त्याहून एक जास्त नाही. नांदेड विद्यापीठाच्या विष्णुपुरीपासून लातूरजवळच्या पेठच्या उपपरिसरापर्यंत, मधे लोहा, अहमदपूर आणि आडवाटेला उदगीर, असा भाचा महिनाभर हिंडला. सगळीकडे एकच विचारणा: "सर, जागा हाय का?" आणि सगळीकडे कुणाचा तरी रुमाल आधीच खिडकीतून आत पडलेला, लातूरच्या स्टँडवर एसटीत पडतो तसा. कुणाचा पुतण्या, कुणा संस्थाचालकाची सून, कुणी वीस वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवून कंटाळलेला. (या शेवटच्याला मात्र जागा मिळावी. त्यानं तेवढं भोगलंय.)

मधल्या काळात घरी पैशांचा विषय निघाला. जेआरएफला महिना 37 हजार, पण ती मिळाली तर. बाकीच्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांकडे डोळे लावायचे. डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्याच महिन्याच्या 24 तारखेला या तिन्ही संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची चाळणी परीक्षा झाली. पेपर उघडला तर तो 2019 च्या सेट परीक्षेचाच निघाला. जानेवारीत फेरपरीक्षा घ्यावी लागली. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि साठाच्या वर गेलं की विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना मात्र तो नियम लागू नाही, आणि तेच बरं. नाहीतर परीक्षा घ्यायला माणूस उरायचा नाही.

अखेर एके ठिकाणी एक रुमाल उचलला गेला आणि भाचा बसला. आता विषय. संगणकशास्त्रात सध्या पानांवरचे रोग ओळखायची साथ आहे, शिवाय शीर्षकात "अ नॉव्हेल अप्रोच" असलं म्हणजे निम्मं काम झालं. त्यासाठी प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा एक फुकट साठा आहे: 14 पिकं, 54 हजारांवर फोटो. 2016 मध्येच एका शोधनिबंधानं त्यावर 99.35 टक्के अचूकता गाठली. उरलेल्या 0.65 टक्क्यावर तेव्हापासून देशोदेशीचे डॉक्टर होत आहेत.

भाच्यानं तो साठा उघडला. ब्लूबेरी होती, रास्पबेरी होती, स्ट्रॉबेरी होती. तूर नव्हती, कापूस नव्हता. सोयाबीन होतं, पण फक्त निरोगी. आमच्या मेहुण्यांनी एवढं निरोगी सोयाबीन आयुष्यात पाहिलेलं नाही; त्यांचं दर दोन-चार वर्षांनी पिवळ्या मोझॅकनं हळदीला बसतं.

तेव्हा मात्र पोराला पहिल्यांदाच कुठल्या पुस्तकात नसलेला प्रश्न पडला. तो गाईडकडे गेला. "सर, तुरीच्या वांझ रोगाचे फोटो कुणाकडंच नाहीत. मी गोळा करू का? आमच्याच शिवारातून."

सरांनी चष्मा काढून पुसला. "किती हंगाम लागतील?"

"तीन-चार."

"आणि पाऊस नाही झाला तर?"

भाचा गप्प.

"टोमॅटो घे," सर म्हणाले. "त्याचे सगळे रोग तयार आहेत."

टोमॅटोवर सिनॉप्सिस मंजूर झाला. पेढे घेऊन तो घरी आला, तेव्हा मेहुण्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "आपल्याकडं टोमॅटो कुठं हाय रे?"

"नाही, पण पहिल्याच पानावर लिहिलंय, बाबा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या फायद्यासाठी."