उणे बारा

शेजारच्या काकांनी सिंथेसायझर बांधायला घेतला त्याला तीन वर्षं झाली. पॉवर सप्लाय अजून ठरायचा आहे.

"म्हणजे कॅसिओच ना?" असं विचारण्याची चूक मी एकदा केली. दोन कप चहा झाला तरी उत्तर चालूच होतं. कॅसिओ नव्हे, मॉड्युलर. ऑसिलेटर वेगळा, फिल्टर वेगळा, सगळे सुटे तुकडे एका पेटीत बसवायचे आणि वायरींनी हवे तसे जोडायचे. जर्मनीतल्या डीटर डोएप्फर यांनी 1990 च्या दशकात ए-100 नावाची प्रणाली काढली, आणि पुढे जगभरचे हौशी तिच्याच मापावर आले. उंची 128.5 मिलिमीटर. वीज अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट. अधिक बारा कोणीही देतं हो; काकांचा जीव अडकलाय तो उणे बारात.

"जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस लावा की," मी म्हटलं. काकू लगेच उठून आत गेल्या. त्यांना पुढचं पाठ होतं.

"त्यात उणे बारा नुसता नावाला! अर्धा अँप मिळाला तर नशीब. आणि वर त्याची किरकिर वाद्यात उतरते ती वेगळीच." हल्ली चांगले, शांत स्विचिंग सप्लायही मिळतात, हे काकांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं. वीज कशी, गाळून घेतलेली हवी.

त्यांची एक वही आहे. कोणतं मॉड्युल किती मिलीअँप खाणार याचा त्यात हिशेब, अगदी लग्नाच्या पंगतीसारखा. बेरीज झाली की वर तीस टक्के, आयत्या वेळच्या पाहुण्यांसाठी. मग एवढी वीज शिल्लक राहतेच आहे तर आणखी एक फिल्टर का नको, म्हणून यादी वाढते. यादी वाढली की शिल्लक संपते. शिल्लक संपली की काका पिशवी घेऊन तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. 15-0-15 चा एक अँपचा ट्रान्सफॉर्मर झाला, दोनचा झाला. तीनचा मागितला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काका, वेल्डिंग काढताय का?"

मधल्या काळात एक फ्यूजही उडाला. व्होल्टेज बारावर धरून ठेवणारे रेग्युलेटर दोन: अधिक बाजूला 7812 आणि उणे बाजूला 7912, दिसायला अगदी जुळे भाऊ. पण एकाची पाठ ग्राउंडला असते, दुसऱ्याची थेट इनपुटला. काकांनी दोघांना अभ्रकाची चकती न घालता एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आवळलं. त्या आठवड्यात त्यांच्याशी कुणी बोललं नाही, किंवा ते कुणाशी बोलले नाहीत. रिबन केबलची लाल कड पाहिली की ते अजूनही थबकतात. लाल म्हणजे अधिक हे आयुष्यभराचं ज्ञान, आणि इथे लाल कड उणे बाराची! उलटी लावली तर मॉड्युल जळू शकतं.

दिवाळीत अखेर सप्लाय उभा राहिला. एका 7812 ला दीड अँपच्या वर झेपत नाही, म्हणून तीन जोड्या. तपासायला ऑसिलेटरचं एक किट आणलं, जोडलं, सूर लागला. स्पीकरमध्ये जरासुद्धा खरखर नाही. काका डोळे मिटून बसले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण हे गुणगुणतंय कोण?"

ट्रान्सफॉर्मर. आपली वीज 50 हर्ट्‌झची. तिच्या प्रत्येक फेऱ्यात लोखंड दोनदा थरथरतं, म्हणून आवाज 100 चा. काकूंनी पेटी काढली, एक पट्टी दाबून कान दिला. "मंद्रातली पांढरी पाच. किंचित चढी आहे." भजनी मंडळात पांढरी पाचातच गातात त्या. काकांनी नंतर मोजून पाहिलं तर ती पट्टी 98 हर्ट्‌झची निघाली. बाईंचा कान! सप्लाय त्याच संध्याकाळी उलगडला गेला.

तर कुणाला 15-0-15 चे ट्रान्सफॉर्मर हवे असतील तर सांगा. काकांकडे एक अँपचे दोन आहेत, दोनचा एक आहे, आणि एक तीनचा, थोडा गाणारा. 7912 मात्र मागू नका.