आठ मिनिटं आणि आष्टा

सांगलीतल्या एका लग्नाच्या पंगतीत बंगळुरूच्या साडूनं विचारलं, "तुमच्या भागात एअरपोर्ट आहे का हो?"

मी हातातली जिलेबी खाली ठेवली. "दोन आहेत. एक आमच्या कराडला, एक आईच्या दारात, कवलापूरला."

इथंच थांबलो असतो तर अब्रू राहिली असती. पण मी मोबाइल काढून हिशोब मांडला. सरळ रेषेत साठेक किलोमीटर. कोल्हापूरला येतं तसलं पंख्याचं विमान ताशी 500 च्या वेगानं गेलं तर सात-आठ मिनिटं.

"मग आज विमानानंच यायचं!" साडू म्हणाला.

आता त्याला काय सांगू? कराडच्या 1280 मीटरच्या धावपट्टीवरून उडायचं तर एकतर मंत्री व्हावं लागतं, नाहीतर शिकाऊ वैमानिक. कवलापूरला उतरायचा मान सध्या बगळ्यांकडे आहे. कराड सातारा जिल्ह्यात, आणि 1960 पर्यंत सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. वाटण्या झाल्यावर भावाभावांना वेगळी चूल लागते, तसा वेगळा विमानतळही लागतो. कोल्हापूरच्या चुलतभावाकडे तो 1939 पासून आहे, हे दुखणं निराळंच.

मी आलो होतो पेठ नाक्यावरून, मोटारसायकलनं. गळीत हंगामात या रस्त्याचा कंट्रोल टॉवर म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की रस्त्याचीच मिशी वाटावी. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, आणि गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की ऐकूही येत नाही. हॉर्न वाजवला तर त्याला तो ढोलकीचाच ठेका वाटतो. एक ट्रॉली ओलांडावी तर पुढे दुसरी, तिच्यामागे लोंबणारं कांडं उपसणारी चार पोरं. मीही एकदा उपसलं होतं. ते सोलत बसलो तेवढ्यात मागची ट्रॉली पुढे गेली.

साडूला मी शेवटी ठोकून दिलं, "कराडच्या विमानतळाची विस्तारवाढ झाली की विमान सुरू होईल." आणि घास अडकला. वारुंजी, केसे, मुंढ्याच्या शेतकऱ्यांनी त्या विस्तारवाढीला विरोध केला, तेव्हा चहाच्या टपरीवर मी तावातावानं म्हणालो होतो, "लोकांना विकासच नको." शेजारी बशीतला चहा फुंकणाऱ्या म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं होतं, "तुमची किती जाणार हाय?"

माझी सातबाऱ्यावर कुंडीएवढीही जमीन नाही. त्यांची मात्र बारमाही पाण्याची, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. माझी सात-आठ मिनिटं वाचावीत म्हणून.

आईला किलोमीटर कळत नाहीत. "आष्टा आलं की फोन कर, भात टाकते," एवढंच तिचं वेळापत्रक. आष्ट्याहून घरी पोचेपर्यंत भात बरोबर वाफेवर येतो.

लग्नानंतरच्या आठवड्यात पुन्हा निघालो. इस्लामपूरच्या अलीकडेच ट्रॉलीमागे अडकलो. भूक लागली होती. म्हटलं, आधीच फोन करून ठेवावा.

"आई, आष्टा आलं बघ."

पलीकडे ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "गाणं ऐकू येतंय मला. ट्रॅक्टरच्या मागं हाईस न्हवं? ये सावकाश. तांदूळ नुसतं भिजत घालते."