बडग्याच्या गळ्यातली पाटी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर आपली वर्षभराची इडापीडा वाजतगाजत मिरवतं आणि जाळून टाकतं. काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे कशासाठी निघतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. बडग्यांचे पुतळे मात्र दरवर्षी नवे, म्हणून त्यांच्यावर पाटी असते : हा महागाईचा, हा भ्रष्टाचाराचा. काय घालवायचं आणि का, हे लिहून घालवायची ही शिस्त डेटाबेस सांभाळणारी मंडळी, मग ती इथल्या मिहानमधली असोत की म्युनिकमधली, क्वचितच पाळतात.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळ बदलली तरी जुनी जात नाही. मेलेली तिथंच पडून राहते, जुन्या कॅलेंडरवरच नवं टांगावं तशी. ऑटोव्हॅक्यूम नावाचा झाडूवाला मूळ सेटिंगनुसार दर मिनिटाला डोकावतो, पण झाडू उचलतो तो मेलेल्या ओळी 50 अधिक टेबलाच्या 20 टक्के झाल्यावरच. हजार ओळींच्या टेबलात 250, ठीक आहे. कोटीच्या टेबलात 20 लाख 50 मढी साचेस्तोवर स्वारी स्वस्थ. म्हणून कुणी जाणकार 20 टक्क्यांचा 1 करतो, कारण लिहीत नाही आणि नोकरी बदलतो. मागे उरलेल्या आकड्याकडे नवा माणूस देवघरातल्या अनोळखी टाकासारखा बघतो : कुणाचा ते ठाऊक नाही, हलवायची छाती नाही.

आकडा सेटिंगच्या फाइलीत आहेच, वाचा की, असं कुणी म्हणेल. पण एखाद्या टेबलापुरतं केलेलं सेटिंग त्या फाइलीत नसतंच, ते डेटाबेसच्या पोटात असतं; आणि आकडा ‘किती’ सांगतो, ‘का’ नाही. आपोआप होतं त्याचं काय लिहायचं, हा दुसरा आक्षेप. आपोआप म्हणजे कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं, एवढंच. सफाई बंद केली, तरी व्यवहारांचे क्रमांक संपून गोंधळ होऊ नये म्हणून मूळ मर्यादेप्रमाणे 20 कोटी व्यवहार उलटले की ती न बोलावता उठते, ऐन गर्दीतसुद्धा. बंद केल्याची नोंद नसली की मग मंडळी भूत शोधतात.

लिहिलेलं शिळं होतं, हा आक्षेप मात्र खरा. बडग्याला ती अडचण नाही, तो पाटीसकट जळतो. सेटिंग जळत नाही, म्हणून त्याच्या पाटीवर कारण आणि तारखेखाली आणखी एक ओळ लागते : हे काढायचं कधी.